रक्तदाबावर एकाऐवजी दोन औषधे का?

नाशिक परिसरातील द्राक्षबागांमध्ये ठिबक सिंचनाच्या नळ्या आपण पाहतो. नळीतील पाण्याचा दाब तीन गोष्टींवर ठरतो: पंपाचा जोर, नळीत आलेले पाणी आणि ते बाहेर पडण्याच्या वाटेची रुंदी. आपल्या शरीरात हृदय हा पंप, रक्त हे पाणी आणि लहान धमन्या या वाटा. मात्र एक मोठा फरक आहे. दाब उतरला की शरीर तो पुन्हा चढवू पाहते. रुग्णाला अनेकदा दोन औषधे का लागतात, याचे उत्तर येथेच आहे.

लघवी वाढवणारे औषध शरीरातील मीठ व पाणी कमी करते आणि दाब उतरतो. हे जाणवताच मूत्रपिंडे रेनिन नावाचे द्रव्य सोडतात. त्यातून अँजिओटेन्सिन तयार होते, धमन्या आकसतात व दाब पुन्हा वाढू लागतो. औषधाची मात्रा दुप्पट केली तर हा प्रतिकारही वाढतो आणि पोटॅशियम घटण्यासारखे दुष्परिणामही. त्याऐवजी अँजिओटेन्सिनची क्रिया रोखणारे टेल्मिसार्टन जोडले, तर शरीराची ही पळवाटच बंद होते. २००९ साली ४२ चाचण्यांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. एकाच औषधाची मात्रा दुप्पट करण्यापेक्षा वेगळ्या गटातील दुसरे औषध जोडल्याने दाबात होणारी जादा घट सुमारे पाचपट असते, असे त्यात दिसले.

या विचाराचा एक धागा महाराष्ट्रातून जातो. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये सर्पगंधेचा ५० रुग्णांवरील उपयोग मांडला. सर्पगंधेतून १९५२ मध्ये रेसर्पिन वेगळे काढण्यात आले. त्याची मात्रा वाढवली की काही रुग्णांना खिन्नता येई. पुढे अमेरिकेतील माजी सैनिकांवरील चाचणीत रेसर्पिन, हायड्रॅलाझीन व लघवी वाढवणारे औषध एकत्र दिले गेले. १९६७ मध्ये तिचे निष्कर्ष आले: औषध न मिळालेल्या ७० जणांपैकी २७ जणांना गंभीर उपद्रव झाले, औषध मिळालेल्या ७३ पैकी केवळ दोघांना.

अर्थात कोणतीही जोडी चालत नाही. टेल्मिसार्टन आणि रॅमिप्रिल दोन्ही एकाच वाटेवर काम करतात. ती एकत्र दिल्याने लाभ वाढत नाही, मूत्रपिंडांना अपाय मात्र वाढतो, हे २००८ मध्ये स्पष्ट झाले. गरोदरपणात तर ही दोन्ही औषधे वर्ज्य आहेत. म्हणून शेजाऱ्याची गोळी आपण घेऊ नये.

२०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दोन औषधे असलेल्या एकाच गोळीला आवश्यक औषधांच्या यादीत स्थान दिले. गोळ्या कमी असल्या की त्या नियमित घेणे सोपे जाते. वाढलेला रक्तदाब बहुधा दुखत नाही, त्यामुळे बरे वाटताच गोळी बंद होते आणि पक्षाघाताचा धोका परततो. दुसरी गोळी सुरू झाली म्हणजे आजार बळावला, असे घरातील वडीलधाऱ्यांना वाटत असेल, तर ठिबकच्या नळीचे उदाहरण आपले विद्यार्थी त्यांना सहज समजावून सांगू शकतील.