‘माहेरची साडी’ आणि आपलं रडू

मैत्रिणींनो, तुम्हाला सगळ्यात जास्त रडवलं ते कोणत्या सिनेमानं? आमच्या भिशीत हा विषय निघाला, की शिकलेल्या सुना ‘श्वास’चं नाव घेतात. ऑपरेशनमध्ये दृष्टी जाणार म्हणून त्याआधी नातवाला डोळे भरून जग दाखवणारे आजोबा! २००४ चा हा सिनेमा आहेच तसा. वयस्कर बायका १९५३ च्या ‘श्यामची आई’वर ठाम असतात. पण आमच्या बीडकडच्या बाईला विचाराल, तर ती बोलेल ‘माहेरची साडी’बद्दलच.

विजय कोंडके यांनी ‘बाई चाली सासरिये’ या राजस्थानी चित्रपटावरून १९९१ मध्ये तो काढला. अलका कुबलची सोशिक लेक, तिला अपशकुनी मानणारा विक्रम गोखलेंचा बाप आणि उषा नाडकर्णींची खाष्ट सासू! (सासूला तर बायका तंबूत बसून शिव्या द्यायच्या.)

हो, तंबूतच. जत्रेतल्या टूरिंग टॉकीजमध्ये मी तो पाहिला. खाली पोतं अंथरलेलं, बायका एकीकडे, पुरुष दुसरीकडे. मध्यंतराआधीच पदर ओले. शेजारची अनोळखी बाई तर हमसून हमसून रडत होती. मी पाणी दिलं, तेव्हा म्हणाली, “माझा भाऊ दुसऱ्या कारखान्याला जातो. चार दिवाळ्या झाल्या बाई, त्याला ओवाळलं नाही.”

शहरातले लोक ‘रडका पिक्चर’ म्हणून नाकं मुरडायचे. सोसणाऱ्या सुनेचं एवढं कौतुक मलाही पटत नाही. पण त्या बाईचं रडू सिनेमातल्या सुनेसाठी थोडंच होतं? दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. म्हणून पोरींची लग्नंही लवकर उरकतात. उचल घेतलेली, ती फिटेपर्यंत सुट्टी कसली? भाऊबीज उसाच्या फडात, नाहीतर कोपीत. टोळ्या परततात तेव्हा जत्रांचे दिवस असतात. घरात रडलं तर ‘काय झालं?’ म्हणून दहाजण विचारतात. तंबूतल्या अंधारात कुणीच विचारत नव्हतं.

आता तंबू दिसेनासे झाले. टीव्हीवर ‘माहेरची साडी’ लागला, की माझी लेक “आई, पुन्हा?” म्हणत चॅनल बदलायला बघते. मी रिमोट देत नाही.