सादळलेली सेव

इंदूर-मनमाड रेल्वेमार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळानं सप्टेंबर २०२४मध्ये मंजुरी दिली आणि इंदुरात एकच सूर निघाला: चला, मुंबई जवळ आली. ३०९ किलोमीटरचा मार्ग, तीस नवी स्थानकं, अठरा हजार कोटींवर खर्च. आज मुंबईला जायचं तर रतलाम आणि बडोद्याचा वळसा पडतो, तो वाचेल. या आनंदात मिठाचा खडा टाकायची हौस नाही, पण मुंबई लांब होती म्हणून इंदूरचं कुणी तिकडे जायचं थांबलं होतं, असं काही कुठे दिसत नाही. जाणाऱ्यांना वळसा कधीच आड आला नाही. प्रश्न आहे तो उलट्या दिशेच्या गाडीचा. त्या डब्यात कोण बसणार, हे कुणी विचारत नाही. इंदूर आणि मुंबई यांच्यातली वाट दोन्हीकडून वाहत होती, तो काळ फार जुना नाही. ती एकेरी कधी झाली आणि कशामुळे, हे पाहायचं तर थोडं मागे जायला हवं.

फार मागे मात्र नको. मल्हारराव होळकरांच्या माळव्यातल्या सनदा, इंग्रजांना रेल्वेसाठी दिलेलं एक कोटीचं कर्ज, रेसिडेन्सीशी चाललेला पत्रव्यवहार, हे सगळं दर जयंतीला ऐकून झालेलं आहे. १९२५ साली मलबार हिलवर बावला खून झाला, त्यात होळकर दरबाराचं नाव आलं आणि पुढच्या वर्षी तिसऱ्या तुकोजीरावांना गादी सोडावी लागली. इंदूर-मुंबई नात्यातलं एवढं एकच प्रकरण मुंबईकरांना पाठ असतं. इंदूरकरांना पाठ असते ती दुसरी यादी. लता मंगेशकर, हुसेन, बेंद्रे, सलीम खान, जॉनी वॉकर: आम्ही मुंबईला काय काय दिलं! ही यादी एकदा तपासून घ्यायला हवी. लताबाईंचा जन्म १९२९ साली इंदूरचा खरा, पण बालपण सांगलीचं. वडील नाटक मंडळीचे मालक, जन्मगाव हा प्रवासातला मुक्काम. जॉनी वॉकरच्या वडिलांची गिरणीतली नोकरी गेली, घर मुंबईला आलं आणि मुलगा बेस्टच्या बसमध्ये तिकिटं फाडू लागला. पोटासाठी गेलेल्या माणसाला ‘आम्ही दिला’ म्हणणं जरा धाडसाचंच. यादीत खरा बसतो तो ना. श्री. बेंद्रे यांच्यासारखा माणूस. देवळालीकरांच्या इंदुरातल्या चित्रशाळेत हात तयार करून तो मुंबईच्या परीक्षेला बसला. म्हणजे इथे आधी काहीतरी शिजत होतं.

आणि जे शिजत होतं त्याच्या वासानं तिकडची माणसंही इकडे येत होती. सी. के. नायडू मूळचे नागपूरचे. होळकरांनी त्यांना बोलावलं, सैन्यात हुद्दा दिला आणि ते इंदूरचे झाले, शेवटपर्यंत. १९४४-४५ ते १९५४-५५ या अकरा हंगामांत होळकर संघानं रणजी करंडकाच्या दहा अंतिम फेऱ्या खेळल्या, चार जिंकल्या. त्यातली १९४७-४८ची इंदुरात, मुंबईला हरवून. १९४५ साली ब्रेबर्नवर मुंबईशी हरताना होळकरांकडून नाबाद २४९ धावा काढणारा डेनिस कॉम्प्टन होता. लष्करी नोकरीनं महूला आलेला इंग्रज, खेळला होळकरांच्या टोपीत. १९४८ साली कुमार गंधर्व क्षयाच्या आजारात मुंबई सोडून देवासला आले, कोरड्या हवेसाठी, आणि बरे झाल्यावरही परत गेले नाहीत. उलट अमीर खाँ तरुणपणीच मुंबईला गेले, तरी त्यांच्या गायकीला नाव पडलं ते इंदूर घराण्याचं. जाणं होतं, येणंही होतं. दरबाराची स्तुती करायचा इथे हेतू नाही, संस्थानी कारभाराचे भोग प्रजेनं पुरेसे भोगले. पण एक गोष्ट त्या व्यवस्थेला जमली होती: माणसाला त्याच्या कलेसाठी ठेवायचं आणि पगार दुसऱ्याच कामाच्या नावानं द्यायचा. नायडूंचा लष्करी हुद्दा हा फलंदाजीचाच पगार होता.

दरबार गेला, तरी ही युक्ती लगेच गेली नाही. ती गिरण्यांनी उचलली होती, आणि तिचा उत्तम पुरावा अनंत चतुर्दशीच्या रात्री रस्त्यावर दिसतो. हुकुमचंद, मालवा, स्वदेशी, राजकुमार, कल्याणमल, भंडारी, प्रत्येक गिरणीची स्वतःची झांकी. गणपती मराठी, शेठ मारवाडी, कामगार निम्म्या हिंदुस्थानातून आलेले, आणि त्या रात्री सगळं शहर जागं. गाड्यांवर उभे केलेले हलते देखावे, हजारो दिव्यांच्या माळा, पुढे आखाड्यांचे पट्टेवाले. मान हलवणारा हत्ती किंवा धनुष्य ताणणारा राम उभा करायला सुतार लागतो, वेल्डर लागतो, मोटरच्या चाकाला पट्टा जोडणारा फिटर लागतो. हे सगळे गिरणीच्या हजेरीपटावर होते. सुताराच्या हातातली रंधा मारण्याची कला आणि रामाच्या खांद्याचा सांधा बसवण्याची कला यांत गिरणीनं फार भेद केला नाही. कला पगारात धरलेली होती.

म्हणून ज्या दशकावर रेंगाळायला हवं ते १९९१ ते २००१ हेच. १२ डिसेंबर १९९१ला हुकुमचंद मिल बंद पडली. बरोबर एक महिन्यानं, १२ जानेवारी १९९२ला, देवासला कुमार गंधर्व गेले. या दोन तारखांचा एकमेकींशी काही संबंध नाही, आणि तरीही आमच्या पिढीला त्या वेगळ्या आठवत नाहीत. एक तारीख माणसाला ठेवून घेणारी जागा गेल्याची, दुसरी मुंबई सोडून इथे राहिलेला माणूस गेल्याची. पाठोपाठ बाकीच्या गिरण्यांचे भोंगे थंडावले. हुकुमचंदच्या कामगारांना त्यांची देणी मिळाली ती डिसेंबर २०२३मध्ये, सुमारे ४८०० जणांना २२४ कोटी, बत्तीस वर्षांनी. त्यातले कितीतरी तोवर फोटोत गेले होते. त्या दशकात विजेचं काय झालं हे त्या वेळी परीक्षेला बसलेल्या कुणालाही विचारावं, आणि २०००च्या नोव्हेंबरात छत्तीसगड वेगळं झाल्यावर तर कंदील पुन्हा वर निघाले. १९९७च्या नाताळात नेहरू स्टेडियमवरचा भारत-श्रीलंका सामना तीन षटकांत थांबवावा लागला, खेळपट्टी खेळण्याजोगी नव्हती म्हणून. ज्या गावानं मुंबईला घरी बोलावून हरवलं होतं, त्या गावाला बावीस यार्ड धड ठेवता आली नाहीत. आणि शेवटी, २००१ साली, सहासष्ट वर्षांच्या खंडानंतर इंदुरात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. १९१७ आणि १९३५ची संमेलनं झाली तेव्हा इथे मराठी दरबार होता. २००१मध्ये अध्यक्षा विजया राजाध्यक्ष मुंबईहून आल्या, मांडव गच्च भरला, भाषणं झाली, आणि मंडळी परत गेली. मांडवात बसलेल्यांच्या घराघरांतली मुलं एव्हाना पुण्या-मुंबईत होती.

ती मुलं समुद्रासाठी गेली नव्हती. समुद्रकाठच्या हवेत माळव्याच्या माणसाची काय गत होते ते इथल्या घराघराला ठाऊक आहे. इंदूर साडेपाचशे मीटर उंचीवर, मे महिन्यातही रात्र झाली की वारं सुटतं, शब-ए-माळव्याची ख्याती उगाच नाही. मुंबईत सूर्य बुडतो, पण उकाडा बुडत नाही. तिथे मिठाला पाणी सुटतं, कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यावर हिरवी बुरशी धरते, तंबोरा बैठकीच्या मध्येच उतरतो. आणि सेव. (महाराष्ट्रात शेव म्हणतात, इंदूरच्या मराठीत ती सेवच.) लवंगेची तिखट सेव प्लास्टिकच्या पिशवीत, वर वर्तमानपत्र, वर सुतळी, अशी अवंतिका एक्स्प्रेसनं मुंबई सेंट्रलला उतरते. पिशवी उघडल्यापासून दोन दिवसांत ती सादळते. दाताखाली कुर्र व्हायच्या जागी लवते. पोह्यांवर घातली तर पोहे आणि सेव यांत फरक राहत नाही, आणि जिरावन मसाल्याची पूड डबीतच गोळा होऊन बसते. एवढं सोसूनही माणसं दोन खोल्यांच्या घरात राहिली, याचं कारण मुंबईनं ती जुनी युक्ती नव्या कपड्यांत चालू ठेवली होती. टाटा, स्टेट बँक, मफतलाल, रेल्वे यांनी टाइम्स शील्डसाठी क्रिकेटपटू पगारावर ठेवले. बँका आणि विमा कंपन्यांच्या कचेऱ्यांतून संध्याकाळी नाटकवाले निघत. पाच वाजता सुटणारी, फार न विचारणारी, महिनाअखेर पैसे देणारी नोकरी इंदूरला कमी पडली आणि मुंबईला होती.

यावर म्हणतील, मुंबईच्याही गिरण्या बुडाल्या की. १९८२चा संप इथे झाला नव्हता. खरं आहे, आणि गिरणगावाची राख इंदूरच्या परदेशीपुरा या गिरणीवस्तीपेक्षा मोठी आहे. पण मुंबईला गिरण्यांखेरीज बंदर होतं, बँका होत्या, विमा होता, सिनेमा होता. इंदूरला व्यापार होता, आणि व्यापार नोकर ठेवतो, छंदिष्ट ठेवत नाही. दुसरा आक्षेप आकड्यांचा: १९९१ला अकरा लाखांच्या आत असलेलं शहर २०११ला साडेएकोणीस लाखांवर गेलं, १९९६ला आयआयएम आलं, पुढे आयआयटी आलं, स्वच्छतेत वर्षानुवर्षं पहिला नंबर. मग रडता कशाला? रडणं माणसांच्या संख्येबद्दल नाही. आयआयएममधून बाहेर पडणारा पदवीधर पहिली नोकरी कुठे धरतो ते पाहा. आणि स्वच्छतेचा नंबर हा घरी राहिलेल्यांचा पराक्रम आहे, त्यानं गेलेला परतत नाही. तिसरा आक्षेप जास्त बोचरा आहे, आणि तो इथलेच हिंदी मित्र करतात: तुम्ही मराठी लोक आलातच मुळी तलवार आणि दौत घेऊन, सत्ता गेल्यावर निघालात, यात गावाचा काय दोष? दोष नाही. पण निघालेल्यांत नुसते दौतवाले नव्हते. शिवाय सत्ता म्हणाल तर ती गेलीच कुठे? चिपळूणहून सून म्हणून आलेल्या सुमित्रा महाजन १९८९पासून सलग आठ वेळा इथून लोकसभेवर गेल्या, पुढे सभापती झाल्या. मतपेटीत मराठी माणूस भक्कम होता. पगारपत्रकात तो राहिला नाही. विष्णू चिंचाळकर गुरुजींसारखे जे इथेच थांबले, वाळक्या पानांतून आणि फेकलेल्या वस्तूंतून चित्रं उभी करत राहिले, ते शहराच्या भरवशावर थांबले असं म्हणवत नाही. स्वतःच्या गरजा कमी करून थांबले.

या सगळ्याला एक सणसणीत अपवाद आहे, आणि तो माझं म्हणणंच पुरं करतो. चंद्रकांत पंडित हा अस्सल मुंबईकर यष्टीरक्षक मध्य प्रदेशाकडून खेळायला आला, १९९८-९९च्या रणजी अंतिम सामन्यात संघाचा कर्णधार होता, आणि बंगळुरूला कर्नाटकाकडून हरला. पुढे तो पुन्हा आला, या वेळी प्रशिक्षक म्हणून, आणि तेवीस वर्षांनी, जून २०२२मध्ये, त्याच बंगळुरूत त्याच्या पोरांनी मुंबईला हरवून मध्य प्रदेशाला पहिला रणजी करंडक मिळवून दिला. नवा रेल्वेमार्ग नव्हता, रतलामचा वळसा जसाच्या तसा होता. माणूस आला, कारण त्याला जे येत होतं त्याच कामावर कुणीतरी त्याला ठेवलं.

हुकुमचंद मिलच्या सुमारे ४२ एकर जमिनीवर आता गृहनिर्माण मंडळ घरं आणि दुकानं उभारणार आहे. अनंत चतुर्दशीला हुकुमचंदची झांकी मात्र अजून निघते. निवृत्त, म्हातारे कामगार वर्गणी मागत फिरतात, जमेल तेवढे दिवे लावतात, आणि रामाच्या खांद्याचा सांधा अजून तेच बसवतात.