खेकडा, पण कोणता?

२ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं आणि वीसच्या आसपास माणसं गेली. तेव्हाचे जलसंधारण मंत्री तानाजी सावंत यांनी दोष खेकड्यांच्या माथी मारला. राज्यभर हसं झालं. पण खेकड्याच्या बिळामुळे मातीच्या बांधाला गळती लागू शकते, हे भातखाचरात राबणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. म्हणून तर तो बांध दरसाल लिंपून घेतात. बिचाऱ्या खेकड्यांना वकील मिळाला नाही. आणि आरोपी नेमका कोणता खेकडा, हेही फारसं कुणी विचारलं नाही.

युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलियात ओढ्याकाठी बिळं करणारा प्राणी म्हणजे क्रेफिश, लॉबस्टरचा गोड्या पाण्यातला भाऊबंद. भारतात तो मूळचा नाहीच. अरबी समुद्रापलीकडे ओमानमध्येही नाही.  आफ्रिकेच्या मुख्य भूमीवर क्रेफिश नाही, शेजारच्या मादागास्करात मात्र आहे. नकाशातल्या या रिकाम्या जागांपैकी बऱ्याच ठिकाणी नदीतले खेकडे राहतात, हे टी. एच. हक्स्ले यांनी १८८० च्या सुमारास क्रेफिशवरच्या पुस्तकात नोंदवलं होतं.

क्रेफिश आणि नदीतला खेकडा या दोघांत एक गोष्ट समान आहे: पिलं वाहून न जाता आईपाशीच राहतात. समुद्री खेकड्याची अंडी फुटली की सूक्ष्म पिलं लाटांबरोबर दूरवर जातात. गोड्या पाण्यातल्या खेकड्याचं तसं नाही. त्याची अंडी मोजकी आणि मोठी. त्यांतून थेट इवलासा खेकडाच बाहेर येतो आणि काही दिवस आईच्या पोटाखाली चिकटून राहतो. साहजिकच जात पसरते ती पावलापावलानं. मधे एखादी कोरडी डोंगरसोंड आली की दोन्हीकडची कुळं वेगळी होतात आणि काळाच्या ओघात वेगळ्या जाती बनतात. सह्याद्रीत खेकड्यांची इतकी विविधता आहे त्यामागे हे मोठं कारण.

बॅरिटेल्फ्युसा क्युनिक्युलॅरिस हा आपला नेहमीचा बिळं खोदणारा खेकडा. कर्नल साइक्स यांनी दख्खनमधल्या खेकड्यांवर लिहिलं आणि १८३६ मध्ये वेस्टवूड यांनी या जातीचं वर्णन केलं. कल्ल्यांनी श्वास घेणाऱ्या या प्राण्याला ओल हवीच, म्हणून उन्हाळ्यात तो जमिनीत खोल ओलीपर्यंत उतरतो. त्याचा पसारा मोठा, त्यामुळे त्याची काळजी तूर्त कमी. कातळातल्या भेगांत राहणाऱ्या घाटियाना गटाची गोष्ट निराळी. या गटाला २०१४ मध्ये शास्त्रीय नाव मिळालं. २०१६ मध्ये तेजस ठाकरे सहलेखक असलेल्या एका शोधनिबंधात पश्चिम घाटातल्या पाच नव्या खेकड्यांचं वर्णन आलं. अशा जातींपैकी काहींची नोंद एखाद-दुसऱ्या ठिकाणचीच. तिथे चिऱ्याची खाण सुरू झाली, तर त्यांना जायला दुसरं घर नाही.

२००९ मध्ये जगातल्या १,२८० गोड्या पाण्यातल्या खेकड्यांचा धोक्यातल्या जातींच्या लाल यादीच्या निकषांवर आढावा झाला. सुमारे एक षष्ठांश जाती धोक्याच्या छायेत निघाल्या. जवळजवळ निम्म्यांपुढे शेरा पडला, ‘माहिती अपुरी’. मला त्या निम्म्यांचीच चिंता जास्त वाटते. पहिल्या पावसात मुठे, म्हणजे हेच गोड्या पाण्यातले खेकडे, धरायला बॅटऱ्या घेऊन लोक ओढ्यावर उतरतात. ती चव सोडा असं कोकणात कोण सांगणार? पण पोटाखाली पिलं असलेली मादी ओळखून परत सोडणं जमण्यासारखं आहे, आणि ते ओढ्यावरच्या माणसाइतकं कुणाला जमणार नाही.