सातासमुद्रापारची खुशाली

युद्धाचा इतिहास सेनापतींच्या अहवालांवरून लिहिला जातो. परंतु युद्ध घराघरांतून कसे भोगले गेले, हे जाणावयाचे तर शिपायांची पत्रेच उलगडावी लागतात. पहिल्या महायुद्धात (१९१४-१८) दहा लाखांहून अधिक हिंदी माणसे समुद्रापार गेली. त्यांत आपले मराठेही होते. खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या दोन कंपन्या २८ ऑक्टोबर १९१४ रोजी फ्रान्समधील न्यव्ह शापेल येथे लढल्या, तर १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, कुतच्या वेढ्यात सापडल्या.

फ्रान्समधील हिंदी फौजेचे टपाल तपासण्यासाठी सरकारने एक स्वतंत्र कचेरी उघडली होती. एव्हलिन हॉवेल हे तिचे प्रमुख. मार्च १९१५ च्या सुमारास आठवड्याला दहा ते वीस हजार पत्रे शिपायांकडून निघत. तपासनीस निवडक मजकुराचे इंग्रजी भाषांतर करून अहवालास जोडीत. मूळ पत्रे बहुतांशी काळाच्या उदरात गेली. उतारे मात्र लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत सुरक्षित राहिले. डेव्हिड ओमिसी या इतिहासकाराने त्यांतील निवडक पत्रे १९९९ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली.

आपली पत्रे कोणी परका वाचतो, हे शिपायांना लवकरच उमगले. मग काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई आणि लाल मिरची म्हणजे गोरा सोजीर, अशा सांकेतिक भाषेत ते आघाडीची हकीकत कळवू लागले. मिरी संपत आली, एवढे लिहिले की घरच्यांनी काय ते समजून घ्यावे!

पण घरी तरी ती चिठ्ठी वाचणार कोण? १९११ च्या खानेसुमारीत देशात हजारी अवघ्या दहा स्त्रिया साक्षर होत्या. शिपायांतही लिहिता न येणारे पुष्कळ. ते पलटणीतल्या लेखनिकाकडून मजकूर लिहवून घेत. पत्र वडिलांच्या वा थोरल्या भावाच्या नावे यायचे, आणि गावात जो कोणी वाचणारा असेल तो ते चारचौघांत मोठ्याने वाचायचा. पत्नीने दाराआडून ऐकावे, आणि ‘घरातील लहानथोरांस यथायोग्य’ या शब्दांत आपला वाटा शोधावा! उत्तर धाडायचे तर तेही परक्या हाताने. ज्या घरात पतीचे नावही मुखी घ्यायचे नाही, त्या घरातल्या सुनेने मनीचे गूज कोणाला सांगून लिहवावे? म्हणूनच जतन झालेल्या या पत्रव्यवहारात पत्नीचा आवाज फार क्वचित ऐकू येतो.

या दुःखातूनच एक चांगली गोष्टही घडली. फ्रान्समधील शेतकरी स्त्रिया लिहितात, वाचतात आणि पुरुष रणांगणी असता सारी शेती सांभाळतात, हे शिपायांनी डोळ्यांनी पाहिले. आपल्या मुलींना शाळेत घाला, अशी कळकळीची विनंती मग कित्येकांनी घरी कळविली. शिक्षणाचे महत्त्व त्यांना कोण्या सुधारकाने पटविले नव्हते. ते विरहाने पटविले होते.

कुतची कथा याहून दारुण. ७ डिसेंबर १९१५ पासून जवळजवळ पाच महिने वेढा चालला. २९ एप्रिल १९१६ रोजी उपासमारीने जर्जर झालेल्या सुमारे तेरा हजार माणसांनी शस्त्रे खाली ठेवली. त्यांतील हजारो जण वाळवंटातल्या वाटचालीत आणि कैदेत दगावले. अशा कैद्याच्या पत्नीने कपाळीचे कुंकू राखावे की पुसावे, हे सांगणारे पत्रही कित्येक महिने येत नसे.

१९२२ पासून मराठा पलटणींचे शिक्षणकेंद्र बेळगावी आहे. दुसऱ्या महायुद्धात याच रेजिमेंटचे नाईक यशवंत घाडगे (१० जुलै १९४४) आणि शिपाई नामदेव जाधव (९ एप्रिल १९४५) यांनी इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला, घाडग्यांचा मरणोत्तर. पदकांची नोंद सरकारदरबारी आहे. घरच्या पत्रांची नोंद मात्र घरानेच ठेवावयाची असते.

वाचकहो, बेळगाव असो, बडोदे असो वा इंदूर, आपल्यापैकी कोणाच्या ट्रंकेत आजोबांची अशी पत्रे असतील. त्यांतील काही मोडीत असतील. ती वाचणारे आता थोडे उरले आहेत. आमची विनंती एवढीच, की ती रद्दीत घालू नका. स्वच्छ सुती कापडात, ओल लागणार नाही अशा जागी ठेवा. मोडी जाणणाऱ्याकडून त्यांचे बाळबोध लिप्यंतर करून घ्या. पत्र कोणी कोणास लिहिले, हे वेगळ्या कागदावर टिपून ठेवा. आणि ज्या आजीने ते केवळ ऐकले, वाचले कधीच नाही, तिचे नावही त्या कागदावर अवश्य लिहा.