जिवंत तिलापिया साफ करताना हात सांभाळा



मासळी घेताना दोन गोष्टी पाहायच्या, असे आपल्या आया-आज्यांनी शिकवले: पर आणि खवले आहेत ना, आणि मासळी ताजी आहे ना. अमेरिकेत पापलेट, सुरमई मिळते ती बहुधा बर्फात गोठलेली. म्हणून आपल्यापैकी पुष्कळ जणी शब्बाथसाठी चायनीज दुकानाच्या काचेच्या टाकीतला जिवंत तिलापिया आणतात. त्याला पर आहेत, खवले आहेत, आणि नारळाच्या रसात चवही बरी लागते. उजनी धरणाकडे याला चिलापी म्हणतात, इस्राएलमधले आपले नातलग अम्नून म्हणतात. मीही आणते. पण हा मासा साफ करताना काय काळजी घ्यावी, हे सांगणे मला जरूर वाटते.

तिलापिया उष्ण पाण्यातला मासा आहे. ८२ ते ८६ डिग्री फॅरनहाइट पाण्यात तो चांगला खातो आणि भराभर वाढतो. पाणी ६० डिग्रीच्या आसपास आले की खाणे सोडतो, आणि ५० च्या आसपास मरतो. म्हणून इथे तो पुष्कळ ठिकाणी बंद शेडमधल्या टाक्यांत वाढवतात आणि तेच पाणी गाळून पुन्हा वापरतात.

मासा कल्ल्यांतून अमोनिया बाहेर टाकतो. टाकीत दाटी झाली किंवा पाणी नीट गाळले गेले नाही, की हा अमोनिया साठतो आणि कल्ल्यांना इजा करतो. पाणी जितके गरम, तितका त्यात प्राणवायू कमी राहतो. अशा त्रासात माशाच्या शरीरात कॉर्टिसोल वाढते. काळजीने आपल्या शरीरात वाढते तेच हे. त्रास फार दिवस चालला की वाढ खुंटते आणि रोगाशी लढण्याची ताकद कमी होते. वॉर्डात खाटेला खाट लावली की एकाचा आजार दुसऱ्याला लागतो, हे मी नोकरीत पुष्कळदा पाहिले. माशांचेही तसेच आहे.

अशा वेळी स्ट्रेप्टोकोकस इनिए नावाचा जंतू त्यांच्यात पसरतो. आजारी मासा गोल गोल फिरतो, त्याचे डोळे बाहेर येतात. हाच जंतू माणसाच्या हातावरच्या जखमेतून आत शिरू शकतो. १९९५-९६ च्या हिवाळ्यात कॅनडातल्या टोरांटो शहरात असे रोगी आढळले. ते आशियाई वंशाचे आणि बहुतेक वयस्कर होते. त्यांनी घरी ताजा मासा, बहुधा तिलापिया, साफ केला होता, आणि बहुतेकांचा हात सुजून लाल झाला होता.

इस्राएलमध्ये १९९६ आणि १९९७ साली व्हिब्रिओ व्हल्निफिकस या दुसऱ्या जंतूने ६२ लोक आजारी पडले. तोपर्यंत तळ्यातले मासे बर्फात घालून विकत असत. १९९६ च्या उन्हाळ्यापासून ते जिवंत विकू लागले, आणि घरी हाताळताना लोकांना काटे बोचले. बहुतेकांना जखमेतून बाधा झाली, काहींच्या रक्तात जंतू गेले.

घाबरून मासळी सोडू नका. नीट शिजवलेल्या माशात हे जंतू जिवंत राहत नाहीत. धोका आहे तो कच्चा मासा हाताळण्यात. मधुमेह किंवा यकृताचा आजार असलेल्यांनी, आणि स्टिरॉइड किंवा केमोथेरपी चालू असलेल्यांनी, विशेष जपावे.

हे लक्षात ठेवा:

१. टाकीतले मासे वर येऊन तोंड उघडझाप करीत असतील, गोल फिरत असतील किंवा डोळे सुजलेले असतील, तर त्या दिवशी घेऊ नका.

२. मासा दुकानातच मारून, आपल्या डोळ्यांदेखत खवले काढून घ्या. खवले दिसले म्हणजे आपलीही खात्री होते, आणि पाठीवरचे काटेही त्यांनाच कापायला सांगा.

३. घरी साफ करायचा असेल तर जाड रबरी हातमोजे घाला. हाताला चीर किंवा जखम असेल तर ते काम दुसऱ्याला सांगा.

४. काटा बोचलाच तर लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने जखम धुवा. हळद किंवा चुना लावून बसू नका.

५. एक-दोन दिवसांत हात लाल झाला, सुजला, ठणकू लागला किंवा ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. सूज झपाट्याने चढत असेल तर रात्र असली तरी इमर्जन्सीत जा. "मी जिवंत मासा साफ केला होता" हे आपणहून सांगा. डॉक्टर ते विचारतीलच असे नाही, आणि ते कळले तर योग्य औषध लवकर सुरू होते.

आपल्या वयात पुष्कळ जण "मुलांना कशाला त्रास" म्हणून दुखणे दोन दिवस अंगावर काढतात. या दुखण्यात तसे करू नका. मुलांना लगेच फोन करा.