भिंगाचे छिद्र आणि मागे बसलेली माणसे

राजापेठेतील आमचे दुकान थोरल्या बंधूंनी सांभाळले आणि मी बँकेच्या नोकरीत गावोगाव फिरलो. तरी दिवाळीच्या वहीपूजनाला मी सहसा चुकलो नाही. निवृत्तीनंतर मुलाने कॅमेरा व पन्नास मिलिमीटरचे एक भिंग भेट दिले, तेव्हापासून त्या दिवशी छायाचित्रे काढण्याचे काम ओघानेच माझ्याकडे आले. सहा वर्षांपूर्वीच्या दिवाळीतील एक छायाचित्र अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. पाच वर्षांचा नातू नव्या वहीवर कुंकवाने स्वस्तिक काढीत आहे. बोटाला लागलेले कुंकू, एकाग्रतेने ओठांबाहेर आलेले जिभेचे टोक, पापण्यांचा केस न् केस त्यात दिसतो. त्याच्या मागे तीन फुटांवर खुर्चीत आई बसली होती. छायाचित्रात तिच्या जागी फिकट पातळाचा एक धूसर आकार आहे आणि वर चेहऱ्याऐवजी गव्हाळ रंगाचा ठिपका.

त्या वेळी हे छायाचित्र सर्वांनी वाखाणले. ‘अगदी सिनेमातल्यासारखे आले आहे, बाबा,’ असे सूनबाई म्हणाली आणि मीही सुखावलो. पुढच्याच पौषात आई गेली. तसबिरीसाठी छायाचित्र शोधावयास बसलो तेव्हा ध्यानात आले, की गेल्या दोन-तीन वर्षांतील घरची सारी छायाचित्रे मीच काढलेली, याच भिंगाने, आणि छिद्र पूर्ण उघडे ठेवून. आई ज्या-ज्या छायाचित्रात होती तेथे ती मागेच होती. घरातील वडीलधारी बाई आपणहून पुढे कधी येते? अखेर बँकेच्या केवायसीसाठी काढलेला पासपोर्ट आकाराचा फोटो मोठा करून आम्ही तसबिरीत लावला. पस्तीस वर्षे इतरांच्या अर्जांवर तसले फोटो चिकटवून घेतलेल्या माणसाच्या घरी हे घडले.

चूक कॅमेऱ्याची नव्हती, माझ्या आकड्याची होती. भिंगाच्या आत पडद्यासारखे एक छिद्र असते. ते लहान-मोठे करता येते आणि त्याचे माप ‘एफ’ या अक्षरापुढील आकड्याने सांगतात: १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६. आकडा वाढला की छिद्र लहान होते, हे नवशिक्याला प्रथम उलटे वाटते. पावकी-निमकी पाठ केलेल्या आपल्या पिढीला मात्र वाटू नये. हा आकडा म्हणजे अपूर्णांकाचा छेद आहे. भिंगाचे नाभीय अंतर एक रुपया मानले तर २ म्हणजे आठ आण्यांचे छिद्र, ४ म्हणजे चार आणे, ८ म्हणजे दोन आणे आणि १६ म्हणजे एक आणा. माझ्या पन्नास मिलिमीटरच्या भिंगात १.८ या आकड्यावर छिद्राचा व्यास सुमारे अठ्ठावीस मिलिमीटर होतो, म्हणजे जुन्या मोठ्या रुपयाच्या नाण्याएवढा. तोच ८ वर सव्वासहा मिलिमीटर भरतो. हरभऱ्याचा दाणा म्हणा. वर दिलेल्या आकड्यांत एक पायरी पुढे गेले, की आत येणारा प्रकाश निम्मा होतो.

प्रकाशाचा हा हिशेब बहुतेकांना ठाऊक असतो. दुसरा हिशेब मी शिकलो तो आईच्या निधनानंतर. छिद्र जितके मोठे, तितका स्पष्टतेचा पट्टा अरुंद. माझ्या कॅमेऱ्यात नातवापासून दोन मीटरवरून १.८ वर छायाचित्र काढले, तर पुढून-मागून मिळून अवघे साडेचार इंच स्पष्ट येतात. साडेचार इंचांत मुलाचा चेहरा मावतो, आजी मावत नाही. तेच मी दुकानाच्या उंबऱ्यापर्यंत मागे सरलो असतो, चार मीटरवर उभा राहिलो असतो आणि आकडा ५.६ ठेवला असता, तर स्पष्टतेचा पट्टा पाच फुटांच्या आसपास गेला असता. त्यातला पावणेतीन-तीन फुटांचा भाग नातवाच्या मागे पडला असता. म्हणजे आईच्या खुर्चीपर्यंत. हे गणित मी एकदा नव्हे, अनेकदा करून पाहिले आहे.

आमच्या घरी १९७० च्या दशकात बंधूंनी आगफाचा क्लिक-३ घेतला होता. भारतात तो वडोदऱ्याला तयार होई. १२० च्या रिळावर बारा चौकोनी छायाचित्रे निघत. बारा संपली की रीळ धुवायला द्यायचे आणि वाट पाहायची. भिंग साधे आणि छिद्र ९ च्या आसपास. फोकस करण्याची सोयच नव्हती. आठ-दहा फुटांपलीकडचे सर्व काही बऱ्यापैकी दिसे. वापरणाऱ्याने ऊन आहे की ढग, एवढे पाहायचे. त्या कॅमेऱ्याने काढलेल्या आमच्या अल्बममध्ये आई कितीतरी ठिकाणी आहे: दाराच्या चौकटीशी उभी, विहिरीवरून परतताना, मावशींच्या खांद्यामागून डोकावणारी. एकाही ठिकाणी छायाचित्रकाराने तिच्याकडे नेम धरलेला नाही, पण ती ओळखू येते. त्या स्वस्त कॅमेऱ्याला कोणालाच पुसून टाकता येत नव्हते.

मोठ्या छिद्राचे आजचे वेड नवे आहे. जाणत्या छायाचित्रकारांचा ओढा पूर्वी उलट दिशेला होता. १९३२ मध्ये अमेरिकेत अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स, एडवर्ड वेस्टन, इमोजेन कनिंगहॅम आदींनी मंडळ स्थापन केले, त्याचे नावच त्यांनी एका छिद्राच्या आकड्यावरून ‘ग्रुप एफ/६४’ असे ठेवले. त्यांच्या मोठ्या कॅमेऱ्यांत ६४ वर पायाजवळच्या खड्यापासून क्षितिजावरच्या डोंगरापर्यंत सारे स्पष्ट येई. न्यूयॉर्कचा वृत्त-छायाचित्रकार वीजी याच्या नावावर तर एक सुटसुटीत सल्ला सांगितला जातो: आकडा ८ ठेवा आणि प्रसंगाच्या जागी हजर राहा. आपल्याकडचे उदाहरण अधिक जवळचे आहे. राजा दीनदयाळ (१८४४–१९०५) हे मेरठजवळच्या सरधना येथील जैन कुटुंबातले. वऱ्हाड ज्याच्या नावावर होते त्या हैदराबादच्या निजामाचे ते दरबारी छायाचित्रकार झाले आणि १८९६ मध्ये त्यांनी मुंबईतही स्टुडिओ काढला. त्यांची दरबारातील समूहचित्रे पाहावीत. मागच्या रांगेतील माणसाच्या मिशीचा पीळही मोजून घ्यावा.

या सर्वांचा मेळ घालून मी माझ्यापुरता एक आकडा ठरवला. घरात व दुकानात ५.६. कॅमेऱ्याच्या चकतीवर ‘ए’ किंवा ‘एव्ही’ अशी खूण असते, तेथे ती ठेवली की छिद्र आपण ठरवतो आणि शटरचा वेग कॅमेरा ठरवतो. ५.६ लावून मी तो विषय मनातून काढून टाकतो. १.८ च्या भिंगाची धारही या आकड्याच्या आसपास उत्तम असते, हा वरचा नफा.

नफा म्हटला की दुसऱ्या बाजूला खर्च मांडावाच लागतो. १.८ सोडून ५.६ वर आलात, तर प्रकाश जवळपास दहावा हिस्सा उरतो. दिव्यांच्या उजेडात आयएसओ ४०० वर निघणारे छायाचित्र त्याच वेगाने हवे असेल, तर आयएसओ चार हजारांपर्यंत न्यावा लागतो आणि चित्रात रव्यासारखे दाणे येतात. वेग कमी करावा, तर मूल हलते. काही जण अशा वेळी फ्लॅश लावतात. समोरून मारलेल्या फ्लॅशने चेहरे चुना लावल्यासारखे दिसतात, म्हणून मला तो रुचत नाही. मी दाणे पत्करतो. दाणेदार चेहरा चेहराच असतो. पुसलेला चेहरा कोणत्याही उपायाने परत आणता आलेला नाही, आणि मी दोन-तीन ठिकाणी प्रयत्न करून पाहिला आहे.

उघड्यावर मात्र ८. आपल्या वऱ्हाडच्या उन्हात प्रकाशाची वाण नाही. जुना नियम असा, की लख्ख उन्हात छिद्र १६ ठेवावे आणि शटरचा वेग आयएसओच्या आकड्याइतका. म्हणजे आयएसओ १०० असेल तर सेकंदाचा शंभरावा भाग. ८ वर तोच वेग चारशेवा भाग होतो, त्यात धावणारे मूलही स्थिर येते. मुक्तागिरीच्या पायऱ्यांवर दम खात बसलेल्या वहिनी पुढे आणि वर डोंगरउतारावर मंदिरांची शिखरे, असे एक छायाचित्र मी ८ वर काढले आहे. त्यात दोहोंनाही न्याय मिळाला. हौसेने १६ किंवा २२ वर जाऊ नये. छिद्र फार बारीक झाले की त्याच्या कडेवरून प्रकाश पसरतो आणि सगळेच चित्र थोडे मऊ पडते.

१.८ टाकून द्यावा, असे माझे म्हणणे नाही. पाळण्यातले मूल एकटे असेल, मेंदी भरलेला हात असेल, दुकानातील एखादी जुनी पितळी मापे असतील, तेथे तो खुशाल वापरावा. चौकटीत दुसरे माणूस आले, की आकडा वाढवावा.

बहुतेक वाचक मोबाइलवरच छायाचित्रे काढत असतील. मोबाइलच्या भिंगावर १.८ सारखा आकडा छापलेला असला, तरी त्याचा सेन्सर इतका लहान असतो की खोलवरचे सारे आपोआप स्पष्ट येते. तो आपल्या काळातला क्लिक-३च म्हणा. धोका ‘पोर्ट्रेट’ या सोयीत आहे. तेथे मोबाइल स्वतःच ठरवतो की मुख्य माणूस कोण, आणि उरलेल्यांना गणिताने धूसर करतो. घरच्या समारंभात ती सोय बंद ठेवावी.

गेल्या दिवाळीत मी उंबऱ्याशी पाठ लावून उभा राहिलो. मागे राजापेठेच्या रस्त्यावर फटाके चालले होते. आकडा ५.६, आयएसओ ४०००. नातू आता अकरा वर्षांचा. स्वस्तिक झटकन काढून मोकळा होतो. त्याच्या मागे बंधू गादीवर टेकून बसले आहेत, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आलेला, ओठ हलताहेत, बहुधा मनात काही आकडेमोड चालू आहे. आतल्या दारात वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन थांबल्या आहेत. त्या थोड्या मऊ आल्या आहेत, पण त्याच आहेत हे कोणीही सांगेल. स्टुडिओतल्या मुलाने छायाचित्र छापण्यापूर्वी विचारले, ‘काका, हे दाणे साफ करून देऊ का?’ मी म्हटले, राहू दे.