आवाज येतोय, पण चित्र गायब? टीव्हीवर ‘नो सिग्नल’ दिसला तर आधी हे तपासा

रविवारची संध्याकाळ. मॅच सुरू व्हायला दहा मिनिटं आहेत. होम थिएटरमधून समालोचकाचा आवाज येतोय, पण टीव्हीवर मात्र ‘नो सिग्नल’. घरात एकच गलका, “टीव्ही गेला!” आणि लगेच दुरुस्तीवाल्याला फोन.

जरा थांबा. ‘नो सिग्नल’ हे शब्द स्क्रीनवर दिसतायत, म्हणजेच टीव्हीची स्क्रीन चालू आहे. घोळ बहुतेक वेळा वाटेत कुठेतरी असतो आणि तो शोधायला पैसे लागत नाहीत.

चित्र टीव्हीपर्यंत येतं कसं?

सेट-टॉप बॉक्समधून सिग्नल रिसीव्हरकडे जातो आणि तिथून टीव्हीकडे. दोन्ही टप्प्यांवर एचडीएमआय केबल असते. चित्र दिसण्याआधी ही उपकरणं एकमेकांशी बोलून घेतात. टीव्ही सांगतो, ‘मला अमुक रिझोल्यूशन चालतं.’ बॉक्स विचारतो, ‘कॉपी रोखणारं एचडीसीपी तुझ्याकडे आहे ना?’ याला हँडशेक म्हणतात. तो फिसकटला की स्क्रीन काळी.

रिसीव्हरमधून आवाज येत असेल, तर बॉक्स ते रिसीव्हर हा टप्पा बहुधा ठीक आहे. म्हणून संशय आधी पुढच्या टप्प्यावर घ्या.

क्रमाने काय करायचं?

१. इनपुट बघा. टीव्हीवर योग्य एचडीएमआय क्रमांक निवडलाय का? टीव्हीकडे जाणारी केबल रिसीव्हरच्या ‘आउट’मध्येच आहे ना? साफसफाईनंतर ती चुकून ‘इन’मध्ये जाऊ शकते.

२. सगळं बंद करा. रिमोटने नाही, तर प्लग काढून. दोन मिनिटं थांबा, केबल काढून पुन्हा घट्ट बसवा. मग आधी टीव्ही, नंतर रिसीव्हर आणि शेवटी बॉक्स सुरू करा. यामुळे हँडशेक नव्याने होतो.

३. रिसीव्हर वगळा. बॉक्सची केबल रिसीव्हरमधून काढून थेट टीव्हीला लावा. चित्र आलं, तर बॉक्स, टीव्ही आणि ती केबल निर्दोष. उरले रिसीव्हर आणि दुसरी केबल. नाही आलं, तर केबल बदला, मग पोर्ट बदला, मग लॅपटॉप लावून बघा. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर दोष कुठे होता ते कळणारच नाही.

चित्र येतं-जातं, ठिपके दिसतात?

बॉक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन रिझोल्यूशन ४के वरून १०८०पी करा. चित्र स्थिर झालं, तर केबलवर संशय घ्या. सेकंदाला ६० फ्रेम्सच्या ४के चित्रासाठी १८ गिगाबिटपर्यंत वेग लागतो. जुन्या किंवा फार लांब तांब्याच्या केबलला तो झेपेलच असं नाही. नवी घेताना वेष्टनावर ‘प्रीमियम हाय स्पीड’चं प्रमाणित लेबल बघा. भिंतीतून ऑप्टिकल एचडीएमआय केबल टाकली असेल, तर तिची टोकं उलटी लागलेली नाहीत ना, हेही पाहा.

फक्त ४के सिनेमा लावला की काळोख?

मग जुना रिसीव्हर आडवा येत असू शकतो. संरक्षित ४के सिनेमे-मालिकांसाठी साखळीतल्या प्रत्येक उपकरणाला सहसा एचडीसीपी २.२ लागतं. एकाकडे जरी ते नसेल, तरी चित्र अडतं किंवा कमी दर्जाचं दिसतं. पण त्यासाठी लगेच नवा रिसीव्हर घेऊ नका. बॉक्स थेट टीव्हीला जोडा आणि आवाज टीव्हीमधून ऑप्टिकल केबलने रिसीव्हरकडे न्या.

दुरुस्तीवाल्याला कधी बोलवायचं?

पोर्ट हलत असेल, जळका वास येत असेल किंवा जवळपास वीज कडाडल्यानंतर कुठल्याच उपकरणाचं चित्र येत नसेल तर. तेव्हा मात्र स्वतः काही उघडू नका. पण काय काय तपासलं ते त्याला सांगा. दोष कुठे आहे याचा अंदाज असला की ‘बोर्ड गेलाय, बदलावा लागेल’ असं ऐकून लगेच मान डोलवावी लागत नाही.